एका तक्त्याचं परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे आपल्याकडे उदंड आहेत. फॉर्मचं परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक माणूस जन्मात पुस्तकं वाचतो किती आणि फॉर्म भरतो किती! बँकेच्या काउंटरमागे माझी बावीस वर्षं लोकांनी चुकीचे भरलेले फॉर्म वाचण्यात गेली. तेव्हा या वाङ्मयप्रकारावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार, नुसता बी.कॉम. असूनही, मला आहे असं मी धरून चालतो.

आज परीक्षणाला घेतलेली कृती एकपानी आहे. आयएसओ ११०८८ हे तिचं मूळ घराणं. स्की भाड्यानं देणाऱ्या चांगल्या दुकानात ती भिंतीला चिकटवलेली असते. माणूस बर्फावर पडला म्हणजे त्याचा बूट किती जोर आल्यावर स्कीपासून सुटावा, एवढंच ती सांगते. वेळेवर सुटला नाही तर पाय मोडतो. उगाच सुटला तर बाकीचा माणूस. बूट धरून ठेवणाऱ्या चापाला बाइंडिंग म्हणतात. त्यात स्प्रिंग, स्प्रिंगला स्क्रू आणि स्क्रूशेजारच्या इवल्याशा खिडकीत एक आकडा. जर्मन मानकसंस्थेच्या नावावरून त्या आकड्याला सगळे ‘डिन’ म्हणतात.

आता डोंबिवलीच्या माणसाचा स्कीशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. एल.टी.सी.! मार्च-एंडच्या आत रजा संपवायची म्हणून फेब्रुवारीत आम्ही उभयता गुलमर्गला गेलो, आणि सगळे घसरताहेत तर आपणच काय पाप केलंय, म्हणून मीही बूट घातले. पहिल्या दिवशी ज्या दुकानातून सामान घेतलं तिथे हा तक्ता नव्हता. “साब, नंबर?” “आठ.” संपली चौकशी. पोऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, स्क्रूला दोन पीळ दिले आणि मला बर्फात सोडून दिलं.

उतारावर शिकवणारा “घुटने मोडो, आगे झुको” म्हणून ओरडत होता. मी झुकत होतो. बुटाच्या आत माझा पाय झुकत होता. बूट आपला जिथल्या तिथे. साहेबांची ऑर्डर केबिनमधून काउंटरपर्यंत येता येता विरून जाते, तशी माझी इच्छा गुडघ्यातून निघायची आणि बुटाच्या पोकळीत हरवायची. डावीकडे वळायचं ठरवावं तर स्की सरळ. शेवटी अगदी सावकाश, जवळजवळ विचार करून पडलो. स्की एका दिशेला, मी दुसऱ्या, आणि मध्ये माझा उजवा गुडघा. बाइंडिंग सुटलंच नाही.

पुढचे दोन दिवस गुडघ्याला बर्फ लावून खोलीत काढले. गुलमर्गला बर्फ फुकट मिळतो, एवढीच काय ती सोय.

“नाचता येईना अंगण वाकडं,” ही म्हणाली.

मी गप्प बसलो. पण ही म्हण ज्यानं केली त्यानं अंगण एकदा तरी मोजून पाहिलं होतं का, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी हॉटेलवाल्यानं दुसऱ्या एका दुकानात धाडलं, तिथे उत्तर मिळालं. तिथल्या वयस्क उस्तादांनी नंबर विचारलाच नाही. बुटातलं मऊ अस्तर उपसून बाहेर काढलं, माझा पाय नुसत्या कवचात घालायला लावला, पायाची बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे स्वतःची बोटं घातली. साधारण दोन बोटं जावीत, म्हणजे दीड ते दोन सेंटिमीटर. शर्यतवाले एकावर भागवतात. आठ नंबरच्या बुटात त्यांची तीन गेली आणि चौथं दारात उभं होतं. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. माझं पाऊल साडेपंचवीस, बूट साडेसत्तावीस! कचेरीचे जोडे मी वर्षानुवर्षं सैलच घेत आलो, त्याचं हे व्याज.

मग त्यांनी मला समोर उभं करून माझ्या पायांकडे पाहिलं. हे पाय जन्मतःच कंसासारखे आहेत. असा माणूस उभा राहिला की दोन्ही स्की बाहेरच्या कडेवर कलतात, आणि वळण घ्यायचं असतं बाहेरच्या स्कीच्या आतल्या कडेवर! ती कड बर्फाला लागणार कशी? उस्तादांनी बुटाच्या घोट्यापाशी असलेला स्क्रू फिरवून कॉलर जराशी बाहेर कलवली. शर्यतवाले याच कामासाठी बुटाचा तळवा तासून घेतात, अंश-अर्ध्या अंशाच्या हिशेबानं. म्हणजे अंगण वाकडं होतं, आणि किती वाकडं ते कोनात सांगता येत होतं. मी हिच्याकडे पाहिलं. ती शाली बघत होती.

यानंतर तक्ता आला. “वज़न?” उस्तादांनी विचारलं. “बहात्तर.” “ब्याऐंशी!” शालींच्या बाजूनं आवाज आला. माझी उंची १६५. आता या कृतीतलं सर्वांत मनोज्ञ स्थळ पाहा. वजनाची ओळ एक आणि उंचीची दुसरी निघाली, तर त्यातली वरची, म्हणजे हलकी, ओळ घ्यायची. माझं खरं वजन ७९ ते ९४ किलोच्या ओळीत, सांगितलेलं ६७ ते ७८ च्या, आणि उंची १५८ ते १६६ सेंटिमीटरच्या. उंचीची ओळ सर्वांत वर. खरं बोललो काय, खोटं बोललो काय, आकडा तोच! पोट सुटलं म्हणून नडगीचं हाड जाड होत नाही, हे ओळखणारा लेखक मला तरी प्रथमच भेटला. वयाच्या बाबतीतही तो असाच दूरदर्शी आहे. पन्नाशी आली की गुपचूप एक ओळ वर सरकायचं; ना निरोपसमारंभ, ना नारळ. बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये घेतो, कारण तळवा लांब तर तरफ लांब, आणि आकडा कमी लागतो.

दोष सांगायचे तर पहिला ‘प्रकार’ या रकान्याचा. सावकाश जाणारा तो पहिला, बेधडक जाणारा तिसरा. कोण ते गिऱ्हाइकानंच सांगायचं, आणि तिसऱ्याला दोन ओळी खाली जाऊन आकडा वाढवून मिळतो. पुरावा नाही, साक्षीदार नाही! उत्पन्नाचा रकाना भरताना माणसं कशी नम्र होतात, आणि कर्जाच्या अर्जात तीच माणसं कशी श्रीमंत होतात, ते मी रोज पाहतो. मी स्वतः सवयीनं “तीन” म्हणून गेलो, कारण सरकारदरबारी कारकुनाचा वर्ग तीनच. उस्ताद हसले नाहीत. “एक,” ते म्हणाले, आणि लिहिलं.

दुसरा दोष मोठा आहे. तक्ता बुटाची लांबी विचारतो, पण त्या बुटात पाय हलतो का हे विचारत नाही. फॉर्म निर्दोष आणि गिऱ्हाईक भलत्याच काउंटरवर, असं सहज होऊ शकतं.

तिसरा माझ्या जिव्हाळ्याचा. अमेरिकेत ऑरेगनमध्ये याल्मार व्हाम नावाच्या मूळच्या नॉर्वेजियन स्कीपटूचा १९३७ साली पाय मोडला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याला सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली आणि १९३९ मध्ये पेटंट मिळालं. तिथून पुढे बाइंडिंगं सुधारत गेली आणि नडगी मोडण्याचं प्रमाण फार खाली आलं. तक्ताही नडगीचाच विचार करून रचलेला आहे. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधांना मात्र त्यात कोणी वाली नाही. सावकाश पिळत पडलेल्या माणसाचा गुडघा आकडा बरोबर असूनही जाऊ शकतो. एवढ्या सुंदर पानावर गुडघ्यासाठी तळटीपही असू नये, याचं मला वाईट वाटतं. बँकेचा जिना चढताना अजूनही वाटतं.

आकडा लावल्यावर उस्तादांनी टाचेकडचा भाग पुढे सरकवून बुटावर नीट दाब बसवला. तो दाब चुकला तर खिडकीतला आकडा नुसता शोभेचा.

दुपारी त्याच उतारावर डावीकडे वळायचं ठरवलं आणि स्की डावीकडे वळली. मी इतका चकित झालो की उजवीकडे वळायचं विसरलो आणि पडलो. बाइंडिंग टक्कन सुटलं. ब्रेकचे दोन दांडे बर्फात रोवून स्की जागच्या जागी थांबली. मी आणखी वीस फूट गेलो. गुडघा चाचपून पाहिला, शाबूत होता. वर ही उभी राहून अंगणाबद्दल काहीतरी म्हणत होती. वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही.