33 बसचा फीडर, पळशीचा प्रकल्प आणि चाचणी नेमकी कशाची?

स्मार्ट ग्रिड आणि विकेंद्रित वीजनिर्मितीवरचे पेपर वाचायला घेतले की चार-पाच पेपरांनंतर एक साचा दिसायला लागतो. प्रस्तावनेत ग्रामीण भारत असतो, शेतकरी असतो, रात्री पाणी द्यायला शेतात जाणं असतं. निकालांच्या भागात मात्र गाव गायब होतं आणि '33 बस सिस्टीम' येते. आज या साच्याबद्दल थोडं परखड लिहितोय, कारण तुमच्यापैकी काहीजण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं.

आधी ही 33 बस काय भानगड आहे ते पाहू. मेसुत बरन आणि फेलिक्स वू यांनी 1989 च्या पेपरमध्ये हा नमुना फीडर वापरला. व्होल्टेज 12.66 केव्ही, एकूण भार 3,715 किलोवॉट. त्यांचा प्रश्न नेमका होता: फीडरवरचे स्विच उघड-बंद करून वीजहानी कशी कमी करायची? त्यासाठी हा फीडर उत्तम होता. दोष त्यांचा नाहीच. दोष आपला आहे, कारण आपण तोच फीडर उचलून वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातून काढतो.

उदाहरण घ्या. या फीडरची मूळ वीजहानी सुमारे 203 किलोवॉट आहे. बस क्रमांक 6 वर साधारण 2.6 मेगावॉटचा प्रकल्प ठेवला की ती 111 च्या आसपास येते. हे उत्तर शोधायला कोणी लांडग्यांच्या कळपाचा अल्गोरिदम वापरला, कोणी देवमाशाचा, कोणी काजव्यांचा. सगळे फिरून 111 लाच पोचतात! अल्गोरिदम नीट चालतो एवढं त्यातून कळतं. पण शेवटच्या परिच्छेदात 'त्यामुळे ग्रामीण भागाला दर्जेदार वीज मिळेल' असं वाक्य येतं, तेव्हा विचारावंसं वाटतं की हे कुठे तपासलं?

आता खरा प्रकल्प बघू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. कल्पना साधी आहे: शेतीचा भार असलेल्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज तिथेच द्यायची आणि शेतीपंपांना दिवसा थ्री फेज मिळवून द्यायचा. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशिम जिल्ह्यातल्या कार्यक्रमात या योजनेच्या पाच प्रकल्पांचं उद्घाटन झालं, एकूण 19 मेगावॉट. त्यातला 5 मेगावॉटचा एक प्रकल्प आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, पळशी बुद्रुकला आहे. म्हणजे हा एकटा प्रकल्प 33 बसच्या संपूर्ण फीडरच्या भारापेक्षा मोठा. नमुना फीडरवर तो बसवून बघितला तर पहिल्याच रनला वीज उलटी वाहू लागेल.

आणि खऱ्या उपकेंद्रावरही वर्षातले काही दिवस तशी वेळ येऊ शकते. 5 एचपीचा पंप ढोबळमानाने 5 किलोवॉट ओढतो असं धरलं, तर 5 मेगावॉट म्हणजे एकाच वेळी चालणारे हजार पंप. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी चालू असताना एवढे पंप चालतील. पण पावसाळ्यात चांगली झड लागून गेली, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर? शेतात वाफसा नाही, मोटार कोण चालू करणार? सूर्य मात्र कामावर हजर. अशा दुपारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी 33 केव्हीकडे जाते. तिथलं व्होल्टेज, दिशा न ओळखणारे रिले, टॅपची जागा, सगळ्यांची परीक्षा त्या तासाला असते. पेपरमध्ये भार वर्षभर स्थिर धरलेला असेल तर तो तास पेपरमध्ये येतच नाही.

जिल्ह्याच्या आतही फरक आहे. घाटावरच्या चिखली-मेहकरचा शेतीभार आणि घाटाखाली शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातला भार एकसारखा असणार नाही, कारण जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथे विहिरीवर ओलीत किती करणार? 'बुलढाण्याचा टिपिकल फीडर' असं लिहिण्याआधी एवढं तरी बघायला हवं.

दुसरी गोष्ट ऑटोची. थ्री फेजची लाईन आली की ऑटो लावलेल्या मोटारी माणूस शेतात नसतानाही आपोआप सुरू होतात, सगळ्या जवळपास एकदम. थेट सुरू होणारी मोटार क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याचा ताण डीपीवर येतो. पण आपल्या सिम्युलेशनमध्ये भार म्हणजे ठरावीक किलोवॉटचा एक आकडा असतो, तो कधी 'सुरू' होतच नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ग्रिडची लाईन गेली की सौर इन्व्हर्टरनेही बंद व्हायचं असतं, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. यासाठी आयएस 16169 ही भारतीय चाचणी आहे. इन्व्हर्टरला ठरावीक भार जोडून ग्रिड तोडतात आणि तो 2 सेकंदांच्या आत थांबतो का ते बघतात. ही चाचणी मला आवडते: प्रश्न एकच, मर्यादा स्पष्ट, नापास होण्याची शक्यता खरी. पण तिचा दुसरा अर्थ काय होतो? भर दुपारी 33 केव्हीची लाईन गेली, तर पळशीसारखा प्रकल्प ऊन असूनही बंद पडणार. म्हणजे 'दिवसा वीज' हे वचन सूर्याइतकंच त्या 33 केव्ही लाईनवर अवलंबून आहे. प्रस्तावनेत शेतकऱ्याच्या रात्रीच्या फेऱ्या लिहिणाऱ्या पेपरने मोजायला हवं ते हे: दिवसा सलग थ्री फेज किती तास मिळाला, आणि मोटारीपाशी किती व्होल्टेजने. आपण मोजतो किलोवॉटमधली वीजहानी. ती महत्त्वाची आहेच, पण वचन एक आणि चाचणी दुसरीच, असं होतं.

बचावाची बाजूही ऐका. नमुना फीडर नसेल तर दोन पेपरांची तुलना करता येणार नाही. खऱ्या फीडरचा डेटा मिळवायला महिने जातात, पीएचडीला मुदत असते. हे सगळं मान्य. म्हणून 33 बस टाकून द्या असं मी म्हणत नाही. अल्गोरिदम तपासायला ती वापरा, फक्त गावाबद्दलचा दावा तिच्या जोरावर करू नका. गावाबद्दल बोलायचं असेल तर निदान भाराचा आलेख ऋतूप्रमाणे बदला, मोटारींचं मॉडेल घाला, 33 केव्ही जाण्याची घटना घाला. लॅबमध्ये रिअल टाइम सिम्युलेटर असेल तर खरा रिले किंवा कंट्रोलर त्याला जोडून बघा, यालाच हार्डवेअर-इन-द-लूप म्हणतात.

सिनॉप्सिस जमा करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या प्रस्तावनेतलं वचन आणि मी मोजणार ती राशी एकच आहे का? माझी पद्धत नापास होईल असा एक तरी तास माझ्या चाचणीत आहे का? आणि तो तास मी शोधून घातलाय, की सोयीसाठी वगळलाय? तिसऱ्या प्रश्नाला मी अडकलो होतो. सिनॉप्सिस पुन्हा लिहायला दोन महिने गेले. व्हायवामध्ये बाहेरच्या परीक्षकाने तोच प्रश्न विचारण्यापेक्षा ते बरं.