घटस्फोटाच्या अर्जातील निवेदक

विवाहविच्छेदासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत ‘घटस्फोट’ हा सर्वांत कठोर होय. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला जातीबाहेर टाकण्याचा विधी. जिवंत मनुष्यास मृत मानून त्याच्या नावाने पाण्याचा घट लवंडावयाचा. ‘काडीमोड’ हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी. काडी मोडली की संबंध तुटला. तो का तुटला हे सांगण्याचे बंधन त्यात नाही. रूढीने मान्य असलेला असा विच्छेद १९५५ च्या हिंदु विवाह अधिनियमाने, कलम २९ अन्वये, अबाधितही ठेवला. पण इतरांसाठी त्याच अधिनियमाने कथनाची सक्ती केली : अर्जात वस्तुस्थिती स्पष्टपणे मांडावयाची आणि ती सत्य असल्याचे प्रतिज्ञेवर सांगावयाचे. या सक्तीतून एक गद्यप्रकार निर्माण झाला. त्याचा निवेदक पती किंवा पत्नी. रचनाकार मात्र वकील.

पक्षकाराच्या मनातील हकीकत कोठूनही सुरू होते, मागे जाते, मध्येच थांबते. वकील तिला तारीख, स्थळ, साक्षीदार विचारतो. या छाटणीनंतर ‘अर्जदार’ व ‘जाबदार’ ही दोन पात्रे उरतात आणि त्यांच्यामध्ये ‘शारीरिक व मानसिक छळ’ हा ठरीव शब्दसमूह येऊन बसतो. वकील अतिशयोक्ती करतो, हा आक्षेप नेहमीचाच. तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि दोषाचा मोठा वाटा रचनाबंधाकडे जातो. मूळ अधिनियमात क्रूरता हे केवळ न्यायिक विभक्ततेचे कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीने ते घटस्फोटाचेही झाले. तेव्हापासून संसारातील अबोला, उपेक्षा, अपमान, जे जे दुसऱ्या कलमात मावत नाही ते सारे या एका शब्दात कोंबावे लागते. ज्याला आपले दुःख क्रमाने सांगता येत नाही, त्याला हा क्रम वकील मिळवून देतो, हेही खरेच. मात्र त्याची किंमत अशी की, स्वतःच्या नसलेल्या वाक्यांखाली ‘हे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे’ म्हणून सही करावी लागते. आणि ती वाक्ये प्रथम वाचतो तो जाबदार. समेटाची शक्यता न्यायाधीशापुढे येण्यापूर्वीच पुष्कळदा या वाचनात संपते.

त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब मध्ये, म्हणजे परस्परसंमतीच्या अर्जात, कथाच नाहीशी होते. वर्षभर विभक्त आहोत, एकत्र राहणे जमले नाही, विच्छेद उभयतांस मान्य आहे, एवढी तीन विधाने पुरतात. ही काडीमोडच, फक्त कागदावरची.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने (योगायोगाने तेथेही कलम १३ च) वकील देण्याचा पक्षकाराचा हक्क काढून घेतला. न्यायालयास वाटल्यास त्याने न्यायमित्राचे साहाय्य घ्यावे. मनुष्य आपली हकीकत आपण सांगू शकतो, हे यामागील गृहीत उदार आहे. व्यवहारात न्यायालयाच्या अनुज्ञेने वकील उभे राहतातच.

या गद्याच्या अभ्यासकास एक अडचण मात्र कायमची आहे. कलम २२ अन्वये ही कामकाजे बंद दालनात चालतात आणि उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा अनुज्ञाप्राप्त निकाल वगळता त्यांतील काहीही छापता येत नाही. त्यामुळे अर्ज अभ्यासकाच्या हाती येतो तो न्यायाधीशाने निकालपत्रात केलेल्या सारांशाच्या रूपाने, म्हणजे दुसऱ्या छाटणीनंतर.