काटा, चमचा आणि पालथी कपबशी

हॉटेलात सहकुटुंब जेवायला जाणे ही गोष्ट आपल्या वस्त्यांतही आता नवलाईची राहिलेली नाही. पगाराचा दिवस, पोरीचा दहावीचा निकाल, चौदा एप्रिलची संध्याकाळ, असे काहीही निमित्त पुरते. या जेवणाबरोबर एक नवे शास्त्रही घरात शिरले आहे. काटा डाव्या हातात धरायचा, सुरी उजव्या हातात, तोंड मिटून चावायचे, भांड्यांचा आवाज करायचा नाही, रोटी दोन्ही हातांनी तोडायची नाही. पोरे हे शास्त्र इंग्रजी शाळेतून आणतात आणि आईबापांना शिकवतात. वरवर पाहता यात आक्षेप घ्यावा असे काही नाही. परंतु ज्या समाजाच्या इतिहासात हॉटेलातली कपबशी हा लढ्याचा विषय होता, त्या समाजाने काट्याचमच्याकडे केवळ 'मॅनर्स' म्हणून पाहावे हे मला मान्य नाही. आपण कवितेची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. शिष्टाचाराचीही केली पाहिजे.

मुळात शिष्ट कोण? धर्मशास्त्राने शिष्टांचा आचार हे धर्माचे एक प्रमाण मानले आणि शिष्ट म्हणजे वेद जाणणारे, असा खुलासाही करून ठेवला. म्हणजे ज्याला वेद ऐकण्याचीही बंदी, तो जन्मतःच अशिष्ट. चित्राहुती, आपोष्णी, सोवळे, पानात मीठ कुठे आणि भात कुठे याचे बारीक नियम, आणि या सगळ्यावर पंक्तिभेद. ही उच्चवर्णीय पंगतीची शिस्त होती. ती जेवणाची जितकी होती, तितकीच कोणाला पंगतीबाहेर ठेवायचे याची होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे यांच्यासारखी मंडळी चहाला बसली, तर केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताची चर्चा झाली. परधर्मीयाच्या हातच्या एका कपाने ज्यांचा आचार बुडत होता, त्यांचेच वारस आज आपल्याला काटा कसा धरावा ते सांगतात, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या देशात साहेबाच्या टेबलावरचा काटा-चमचा पांढरपेशा हातांत जाण्याआधी अस्पृश्यांच्या हातांत आला होता. गोमांस-डुकराचे मांस शिजविणे, साहेबाची उष्टी भांडी उचलणे ही कामे सवर्ण करीत ना. ती युरोपियनांच्या घरी बबर्ची, बटलर म्हणून राबणाऱ्या अस्पृश्य माणसांनी केली. कोणता चमचा सूपाचा आणि कोणता पुडिंगचा हे त्यांना पाठ होते. त्यांनी टेबल मांडले, चांदी घासली. त्या टेबलावर बसले मात्र नाहीत. तेव्हा 'ह्या लोकांना मॅनर्स कुठून येणार' असा जो सूर हॉटेलातल्या शेजारच्या टेबलावरून अधूनमधून ऐकू येतो, तो अज्ञानाचा सूर आहे.

कपबशीचा इतिहास मात्र आपल्याला कोणी सांगायला नको. गावच्या हॉटेलात महार-मांगांसाठी कानतुटका कप वेगळा. तो वळचणीला नाही तर बाहेरच्या फळीवर पालथा घातलेला. आपणच काढायचा, बाहेर बसून प्यायचा, विसळायचा, पुन्हा पालथा घालायचा. पैसे वरून टाकायचे. हाही एक शिष्टाचारच होता आणि तो चुकला तर मार बसत असे. शाहू महाराजांनी हे नीट ओळखले होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. भाषणांपेक्षा तो कप अधिक बोलला असेल. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेलाचे दार उघडले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने तर आणखी बारकाई दाखवली. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातल्या भांड्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, कारण माणसाला आत घेऊन कप वेगळा ठेवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. तरीही ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेले जे पुस्तक २००६ साली आले, त्यात चहाच्या टपरीवरचे वेगळे पेले होतेच.

या पार्श्वभूमीवर मी पाहिलेला एक प्रसंग इथे मांडतो. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, बऱ्यापैकी हॉटेलात, शेजारच्या टेबलावर आपलेच एक कुटुंब होते. मुलगा अधिकारी, सून शिक्षिका, नात कॉलेजात, आणि नऊवारीतली आजी. जेवण सुरळीत झाले. नात मधूनमधून 'आजी, असं नाही, असं' म्हणत होती आणि आजी हसून 'आगं, हात धुतल्यात की म्या' म्हणत होती. शेवटी आजीने चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर ती कपबशी हातात घेऊन उठली आणि पोऱ्याला म्हणाली, 'मोरी कुठाय बाबा? इसळून ठिवते.' सून गोरीमोरी झाली. नात दबक्या आवाजात म्हणाली, 'आजी, बस ना! लोक बघतायत.' मुलाने मेनूकार्डात डोके घातले; त्याला तो हावभाव कळला होता, असे मला वाटते. आजीला काही सुचेना. कप तिने टेबलावरच पालथा घातला.

आजीला हॉटेलची रीत ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणू नये. त्या टेबलावरच्या सगळ्यांपेक्षा तिला ती जास्त ठाऊक होती. फक्त ती रीत दुसऱ्या हॉटेलची होती. नातीचे म्हणणे बरोबर होते, कप धुवायचा नव्हताच. पण का धुवायचा नाही याचे तिने दिलेले कारण चुकीचे होते. 'लोक बघतायत' हे कारण नव्हे. महाड हे कारण आहे, चौथे कलम हे कारण आहे. हे कारण तिला कोणी सांगितलेले नाही, कारण घरात शिष्टाचार शिकवला जातो, त्याचा इतिहास शिकवला जात नाही.

आता कोणी विचारील, मग काटा-चमचा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृतमांस आणि उष्टे सोडायला सांगितले; त्याच वर्षी डिसेंबरात स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची खूण ठरणारे दागिने का टाकावेत, हेही सांगितले. राहणी त्यांच्या लेखी चैनीची बाब नव्हती, खूण पुसण्याची होती. त्यांच्या सुटाबुटाला 'साहेबाची नक्कल' म्हणून हिणविणाऱ्यांना हे कधी समजले नाही. काट्यालाही मी हाच निकष लावीन. पोर काटा धरून ताठ बसते, वेटरशी नजर देऊन बोलते, तेव्हा काटा आपल्या बाजूचा आहे. त्याच काट्याने ती आजीच्या बोटांना खूण म्हणून टोचू लागते, तेव्हा तो कानतुटक्या कपाचा भाऊ होतो.

आमच्या साहित्याकडे वळले तर काय दिसते? 'बलुतं' (१९७८), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकांनी भूक, उष्टे आणि भाकर यांना मराठीत प्रथमच त्यांचे खरे वजन दिले. 'अक्करमाशी'तली शाळेची सहल आणि त्या पोरांच्या वाट्याला आलेले उरलेसुरले अन्न वाचून ज्याचा घास अडला नाही, त्याने साहित्याच्या गोष्टी करू नयेत. पण उष्ट्यापासून मेनूकार्डापर्यंत एक पिढी चालत आली, तो रस्ता आमच्या लेखनात फारसा आलेला नाही. आला तर 'पांढरपेशा दलिता'वरच्या रागाच्या रूपाने येतो. तो राग स्वस्त आहे. मेनूकार्डात डोके घालणाऱ्या त्या अधिकाऱ्यावर लिहायला अधिक धैर्य लागेल. मराठी विनोदाने सुरी-काट्याशी झटापट करणाऱ्या गावंढळ माणसाला पोटभर हसून घेतले आहे. त्या विनोदातल्या नायकाला हॉटेलात शिरता येईल की नाही, हा प्रश्नच पडत नाही. टेबलावरची फजिती सांगण्यासाठी आधी टेबल मिळालेले असावे लागते.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक या संदर्भात मोलाचे आहे, कारण ते अन्नाकडे दयेच्या नजरेने पाहत नाही. चान्या, रक्ती, वजडी हे पदार्थ आहेत, त्यांना कृती आहे, चव आहे. आणि त्यांना खाण्याची रीतही आहे. नळी काट्याने खाता येत नाही. ती ठोकावी लागते, ओढावी लागते, आवाज होतो. तीच नळी आज बड्या हॉटेलात भारी दराने मिळते आणि ती चोखणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी अशिष्ट म्हणत नाही. दुसरीकडे, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही कायद्याने बंदी आली. हात वापरायचा की काटा हे ठरविण्याआधी ताटात काय असावे हेच दुसऱ्याने ठरविले आहे.

आणि त्या ताटामागे एक मोरी असते. तिथे कोणीतरी उभा राहून शेकडो काटे-चमचे घासत असतो. चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेल-धाब्यांवर कामाला ठेवण्यास २००६ च्या ऑक्टोबरात बंदी झाली. तरी टपरीवर, धाब्यावर फडके मारणारे पोरगे अजून दिसते. सहकुटुंब जेवायला गेलो की आपण त्याला 'ए' म्हणून हाक मारतो की 'दादा' म्हणून, हे कोणत्याही शिष्टाचाराच्या पुस्तकात नाही. घरी परतल्यावर पोरांना हेही विचारून पाहावे: आज आपले ताट कोणी उचलले, त्याचे नाव काय होते?