जीस्ट्रीमरच्या संहितेचे वर्गीकरण आणि एकत्रीकरण

१९९९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘जीस्ट्रीमर’ या श्राव्यदृश्य आज्ञाप्रणालीचा गाभा लहान आहे. ध्वनी व चित्र उलगडण्याचे कार्य सुटे ‘प्लगिन’ करतात. ‘बेस’खेरीज त्यांचे ‘गुड’, ‘अग्ली’ व ‘बॅड’ असे जे वर्ग पाडले आहेत, ते मात्र एकाच निकषावर आधारलेले नाहीत. ‘बॅड’ हा वर्ग संहितेच्या परीक्षणातील उणिवा दर्शवितो, तर ‘अग्ली’ हा परवाना व पेटंट यांमुळे वितरणात येणारी अडचण. एमपी३ची पेटंटे संपल्यावर तत्संबंधी घटक २०१८ च्या १.१४ आवृत्तीत ‘अग्ली’तून ‘गुड’मध्ये आले. संहितेचा गुण तोच होता. पालटली ती कायद्याची स्थिती.

२०२० च्या १.१८ आवृत्तीत ऑटोटूल्सची जागा मेसन या बांधणीपद्धतीने घेतली, आणि २०२१ मध्ये प्रमुख पृथक् भांडारे एकत्र करण्यात आली. त्यामुळे गाभा व प्लगिन यांतील परस्परावलंबी बदल एकाच वेळी नोंदविता येऊ लागले. तथापि वितरणाचे गठ्ठे पूर्ववत् वेगळेच ठेवले गेले, हे योग्यच झाले. कारण विकसनाची सोय आणि वितरणाची जोखीम हे भिन्न प्रश्न होत. हाच विवेक वर्गनामांतही दिसावयास हवा होता. गुणवत्ता व कायदा यांच्या नोंदी स्वतंत्र असत्या, तर वितरकास नावावरूनच निर्णय करता आला असता.