लाटा गेल्या कोठें?

आमच्या हिंगोली जिल्ह्यास समुद्र नाहीं. सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें साडेचारशें किलोमीटर दूर. त्यामुळें माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचा समुद्राशीं पहिला परिचय होतो तो चित्रांतूनच. मागें एकदां एका विद्यार्थ्यानें दिनदर्शिकेवरील एक काळेंपांढरें छायाचित्र मजपुढें ठेविलें. काळे खडक, मोडका धक्का, आणि सभोंवार दुधासारखें पांढरें, निश्चल असें कांहींतरी पसरलेलें. तो म्हणाला, "सर, खालीं समुद्र असें लिहिलें आहे, मग लाटा गेल्या कोठें?" प्रश्न भोळा खरा, परंतु या कलाप्रकाराची परीक्षा करावयाची झाल्यास याहून मार्मिक प्रश्न मला सुचत नाहीं.

लाटा कोठें जातात हें सांगणें सोपें आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून त्याच्या भिंगापुढें जवळजवळ अपारदर्शक अशी काळी काच लावितात. नेहमीच्या वापरांतील अशी एक काच सुमारें हजारांतील एकच अंश प्रकाश आंत सोडते. म्हणजे जें चित्र एरव्हीं सेकंदाच्या तिसाव्या भागांत उमटलें असतें त्यास ३४ सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत कित्येक लाटा येतात, फुटतात आणि परततात. त्यांपैकीं एकही स्वतःचा आकार ठेवून जात नाहीं. त्या सर्वांची बेरीज मात्र धुक्याच्या रूपानें उरते. खडक हालत नाहीं, म्हणून तो जसाच्या तसा राहतो.

येथें इतिहासाचा एक विनोद ध्यानांत घेण्याजोगा आहे. १८५७ सालीं ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें सेत येथील लाटेचें प्रसिद्ध चित्र घेतलें, तेव्हां धांवती लाट क्षणभर थांबवून धरणें हाच पराक्रम होता. आकाश व पाणी एकाच काचेवर नीट उमटत ना, म्हणून समुद्राच्या चित्रांसाठीं दोन निरनिराळ्या काचा जोडण्याची युक्ति त्यानें योजिली. आज कोणाच्याही खिशांतील मोबाइल लाटेस सहज थांबवितो. म्हणून आजचा कलावंत तिला मुद्दाम वाहूं देतो. सुलभ झालें तें सोडून देणें आणि दुर्मिळ झालेल्या संथपणाची किंमत ओळखणें, यांत मला अप्रामाणिक असें कांहीं दिसत नाहीं.

"पण हें खोटें नव्हे काय?" असें कोणी विचारील. खोटें म्हणावें, तर गोठलेली लाट तरी खरी कोठें असते? डोळ्यास लाट दिसते ती येतांना व जातांना, थांबलेली कधींच नाहीं. जपानी कलावंत हिरोशी सुगिमोतो यानें चित्रपटगृहांत कॅमेऱ्याचें झांकण संपूर्ण चित्रपटभर उघडें ठेवून चित्रें घेतलीं. त्यांत पडदा केवळ शुभ्र दिसतो. सारे नायक, सारीं भांडणें, सारे अश्रू त्या शुभ्रतेंत आहेत, आणि एकही दिसत नाहीं. या जातीच्या चित्राचा खरा विषय वस्तु नसून काळ हा आहे, हें त्यावरून स्पष्ट होतें. इंग्लंडांत १९५३ सालीं जन्मलेला मायकेल केन्ना रात्रीं तासन्तास झांकण उघडें ठेवितो. पाण्यांत रोवलेले खांब अथवा एकाकी झाड तो दाखवितो, तेव्हां त्या वस्तूनें सोसलेला काळच आपण पाहत असतों.

तरीही माझा एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो गंभीर आहे. १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसच्या एका रस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता गजबजलेला असावयाचा. परंतु चित्रास कित्येक मिनिटें लागल्यामुळें चालणारा प्रत्येक मनुष्य त्यांतून पुसला गेला. उरला तो एक गृहस्थ, कारण तो जोड्यांस पॉलिश करून घेत स्वस्थ उभा होता! जो हालतो तो नाहींसा होतो, हा या कलेचा नियमच आहे. किनाऱ्यावर हालतो कोण? जाळें ओढणारा कोळी, टोपली उचलणारी कोळीण. त्यांना पुसून उरलेल्या एकांतास "शांति" असें नांव देणें फार स्वस्त आहे. गेल्या कांहीं वर्षांत अशा तयार शांतीचा सुकाळ झाला आहे: एक खडक, एक धक्का, भरपूर दूध. पहिलें चित्र पाहून मन स्तब्ध होतें. दहावें पाहून जांभई येते.

आमच्या भागांतील कांहीं तरुण समुद्राअभावीं पूर्णेवरील सिद्धेश्वर जलाशयावर हाच प्रयोग करितात. त्यांचीं बहुतेक चित्रें अनुकरणाचींच होतीं. एक मात्र मनांत राहिलें. पाणी धूसर, पलीकडचा तीर धूसर, आणि मध्यें होडींतील भोयाची केवळ एक करडी रेघ, अर्धी पुसलेली, अर्धी उरलेली. काठाचा काळा दगड तेवढा ठळक होता. तो दगड आणि रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील खडक एकाच लाव्हाचे, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. औंढ्याच्या नागनाथाचें कोरीव काम ज्या पाषाणांत आहे तोही त्याच कुळांतला. दगडाचा काळ, पाण्याचा काळ आणि माणसाचा काळ असे तिन्ही काळ त्या एका चित्रांत शेजारीं उभे होते. आणि सर्वांत अल्पायुषी जो, तोही अगदींच नाहींसा झाला नव्हता.

माझी कसोटी आतां एवढीच आहे. चित्रानें काय पुसलें हें न विचारतां, पुसतांना काय उरूं दिलें हें विचारावें. त्या विद्यार्थ्यास मीं हेंच सांगितलें, कीं लाटा कोठें गेल्या नाहींत, सर्व तेथेंच आहेत. मात्र कोळी कोठें गेला, हें चित्र घेणाऱ्यास अवश्य विचार. आणि साधेल तेव्हां एकदां मुंबईस जाऊन खरा समुद्र पाहून ये. तो फार आवाज करितो. कोणत्याही चित्रांत तो ऐकूं येत नाहीं.