अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका : मूळ तबकडी आणि पुनर्मुद्रण

किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायकीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता उरलेली नाही. आज या गायकीविषयी जे विधान केले जाते ते ध्वनिमुद्रिकेच्या आधारेच केले जाते. असे असूनही समीक्षक नेमके कोणते मुद्रण ऐकून बोलत आहे, हा प्रश्न संगीतसमीक्षेत अभावानेच विचारला जातो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, म्हणून मराठीचा अभ्यासक कोणतीही ओवी उद्धृत करताना प्रत कोणती याची चौकशी करतो. तबकडीच्या बाबतीत ही सावधगिरी दिसत नाही.

खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे दोन टप्प्यांत झाली. पहिली १९०५ च्या सुमाराची. त्या वेळी गायक कर्ण्यासमोर गात असे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ उमटवीत असे. दुसरी १९३० नंतरच्या दशकातील, ओडियन कंपनीची, मायक्रोफोनच्या साहाय्याने केलेली. भीमसेन जोशी यांना बालपणी घर सोडून गाणे शिकायला प्रवृत्त करणारी झिंझोटीतील ठुमरी या दुसऱ्या टप्प्यातील होय. हीच मुद्रणे पुढे कोलंबियाच्या लेबलावर, नंतर एलपीवर, कॅसेटवर व सीडीवर आली. नाव एकच राहिले; ध्वनी मात्र प्रत्येक वेळी थोडा बदलत गेला.

हा बदल केवळ खरखर कमी होण्यापुरता नाही. लाखेच्या जुन्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात टेकवल्यास ती तळातील धुळीवर घासते, आणि तबकडीचा नसलेला दोष तिच्या माथी मारला जातो. याहून सूक्ष्म बाब ध्वनिसमतोलाची. १९५४ नंतर सर्वमान्य झालेला एलपीचा समतोल जुन्या तबकडीला लावला तर खालचे स्वर गरजेपेक्षा जाड होतात आणि वरची झिलई दबते. खाँसाहेबांचा तार षड्ज सुईच्या टोकासारखा बारीक व टोकदार आहे. काही पुनर्मुद्रणांत तो कापसात गुंडाळल्यासारखा लागतो, त्याचे कारण गायकाच्या गळ्यात शोधण्याची आवश्यकता नाही.

फिरण्याच्या वेगाचा प्रश्न तर समीक्षेच्या मुळाशीच जातो. आरंभीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण सर्वत्र पाळले जात नव्हते. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवल्यास गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, सुमारे दहा सेकंदांनी आटोपते आणि आवाजाला कृत्रिम कोवळेपणा येतो. येथे एक भेद करावयास हवा. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांच्या श्रुतिविचाराला खाँसाहेबांच्या गायनाचा आधार होता. वेग सर्वत्र सारखाच चुकला असेल, तर दोन स्वरांमधील गुणोत्तर बदलत नाही; श्रुतींची चर्चा त्यामुळे कोसळत नाही. परंतु पट्टी, लय, आवाजाची जात आणि आंदोलनाचा वेग या चारही बाबींवरील विधाने संशयास्पद ठरतात. 'खाँसाहेबांचा आवाज स्त्रीसुलभ होता' यासारखे शेरे कोणत्या वेगावर ऐकून मारले गेले, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

संगणकीय शुद्धीकरणाने नवी अडचण आणली. खरखर काढणारी प्रणाली सलग चालणाऱ्या मंद ध्वनीला उपद्रव समजते. हिंदुस्थानी गायनात असा सलग मंद ध्वनी तंबोऱ्याचा असतो! परिणामी खरखरीबरोबर जवारीही पुसली जाते आणि दोन आलापांमधील विरामात पोकळी निर्माण होते. गायक ज्या स्वरावर टेकून उभा आहे तोच श्रोत्याला ऐकू येत नाही. मूळ तबकडीत खरखरीच्या पडद्याआड का होईना, तो असतो.

म्हणून मूळ तबकडी पवित्र मानावी असे मात्र नाही. पोलादी सुयांनी प्रत्येक वेळी वाजवताना तिचा थोडा भाग खरवडून नेलेला असतो. सोलापूरसारख्या, उन्हाळ्यात चाळीस अंश ओलांडणाऱ्या गावात माळ्यावर पडलेल्या तबकड्या वाकतात आणि वाजवताना आवाज हेलकावे खातो. भरपूर वाजलेल्या मूळ प्रतीपेक्षा चांगल्या साच्यावरून नंतर काढलेली कोलंबियाची प्रत अधिक विश्वासार्ह असू शकते. संग्राहकांमध्ये मूळ लेबलाचा जो अभिमान आढळतो तो संग्रहाच्या दृष्टीने समर्थनीय असला तरी श्रवणाच्या दृष्टीने निर्णायक नाही.

या संदर्भात मायकेल किनियर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली खाँसाहेबांची चरित्रात्मक ध्वनिमुद्रणसूची आणि सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे १९९० पासूनचे कार्य मोलाचे आहे. साच्याचा क्रमांक हा तबकडीचा खरा पत्ता असतो, ही जाणीव या कार्याने रुजवली. पुनर्मुद्रण करणाऱ्यांपर्यंत मात्र ती पुरेशी पोहोचलेली नाही. सीडीच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र असते, राग असतो, प्रशस्तीही असते. आवाज कोणत्या तबकडीवरून घेतला, कोणत्या वेगाने वाजवला आणि त्यातून काय वगळले, याची ओळ सहसा नसते.