हमीद दलवाई : कथात्म आकलन आणि वैचारिक गद्य

हमीद दलवाई यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात समाजसुधारक दलवाईंचा वाटा मोठा आणि कथाकार दलवाईंचा अत्यल्प आहे. १९६१ साली ‘लाट’ हा कथासंग्रह आणि १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी प्रसिद्ध करणारा लेखक पुढे चळवळीकडे वळला, एवढी नोंद करून समीक्षक बहुधा पुढे सरकतात. या वळणात साहित्याने काय गमावले, असा प्रश्न कधी विचारला गेला, तर तो हळहळीच्या सुरात. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. कथाकाराला जे दिसले होते, ते विचारवंताने आपल्या गद्यात कितपत टिकविले?

‘इंधन’मधील कोकणातले खेडे हे ‘मुस्लिम प्रश्ना’चे उदाहरण म्हणून रचलेले नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या लेखकाला ते आतून ठाऊक आहे. खोतीचा रुबाब, कुळांशी असलेले जुने देणेघेणे, वाड्यावाड्यांतले मानापमान आणि स्त्री-पुरुषसंबंधांतील दडपलेली आसक्ती यांची गुंतागुंत होत जाते आणि तिला धर्माचा रंग नंतर चढतो. १९४९ च्या खोती-निर्मूलन कायद्याने आणि पाठोपाठच्या कुळकायद्यांनी कोकणातल्या गावगाड्याची जी उलथापालथ केली, ती ध्यानी न घेता ही कादंबरी वाचली, तर ती केवळ दंगलीची कहाणी वाटेल. दीर्घ काळाने गावी परतलेला निवेदक सुधारणावादी आहे; पण त्याचे शहाणपण कोणाच्याही उपयोगी पडत नाही. लेखकाने त्याला सहानुभूती दिली, विजय दिला नाही. मराठी कादंबरीत इतका प्रामाणिक पराभव क्वचितच आढळतो.

वैचारिक गद्यातील दलवाई वेगळ्या आवाजात बोलतात. तेथे ‘मुस्लिम मन’ ही एकसंध वस्तू होते. खोत, विणकर, कसाई, मोमीन हे भेद मागे पडतात. भारतीय मुसलमानांत आत्मपरीक्षण करणारा आधुनिक वर्ग पुरेसा उदयास आला नाही, हे त्यांचे प्रमुख प्रतिपादन. ते मांडताना हिंदू पुनरुज्जीवनवादालाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे विरोध केला, याचा विसर त्यांची वाक्ये सोयीने उद्धृत करणाऱ्यांना पडतो. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे मुस्लिम समाजाच्या अंतर्गत रचनेवर भर दिला. तो भर दलवाईंच्या निबंधांना उणा ठरवितो खरा. पण ‘इंधन’च्या लेखकाला तो नवा वाटला नसता.

आधुनिक इस्लामी विचाराच्या नकाशावर दलवाईंना कोठे ठेवावे, हा वादाचा मुद्दा आहे. सर सय्यद अहमद खान यांनी धर्मग्रंथ आणि विज्ञान यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. इक्बालांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांतून इज्तिहादचे, म्हणजे स्वतंत्र अर्थनिर्णयाचे, द्वार पुन्हा उघडू पाहिले. मौदुदींनी १९४१ मध्ये जमाते-इस्लामी स्थापून धर्म आणि राज्यसत्ता यांची सांगड हाच आदर्श मानला. मुंबईचे कायदेपंडित आसफ फैजी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात धर्म आणि कायदा यांची फारकत सुचविली, पण श्रद्धेच्या चौकटीत राहूनच. दलवाई या साऱ्यांहून दूर उभे आहेत. कुराणाच्या नव्या अर्थावर त्यांची भिस्त नाही. त्यांचा युक्तिवाद नागरिकत्वाचा आहे. म्हणून त्यांना इस्लामी आधुनिकतावादी म्हणण्यापेक्षा मराठी प्रबोधनपरंपरेतील सुधारक म्हणणे अधिक समर्पक होईल. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या मंडळाच्या नावातील ‘सत्यशोधक’ हा शब्द अलीगढचा नव्हे, देवबंदचा तर नव्हेच. तो १८७३ मधील जोतीराव फुल्यांचा आहे. याच शब्दात त्यांचे बळ आहे आणि एकाकीपणही. श्रद्धावान मुसलमानाला आपल्या धर्मभाषेत ओळखू येईल असा दुवा त्यांनी ठेवला नाही. असगर अली इंजिनिअर यांनी तो दुवा शोधला. त्यांना श्रोते निराळे मिळाले आणि बहिष्कारही सोसावा लागला.

मात्र एका प्रसंगी कथाकार आणि कार्यकर्ता एकत्र येतात. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा निघाला. एकतर्फी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध ही मागणी होती. सात ही संख्या राजकारणाच्या हिशेबात नगण्य. पण ‘मुस्लिम मन’ या अमूर्त कल्पनेच्या जागी तेथे सात चेहरे उभे राहिले. शाहबानो खटल्याचा १९८५ चा निकाल, तो निष्प्रभ करू पाहणारा १९८६ चा कायदा, २२ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि तलाक देणाऱ्यास शिक्षा ठरविणारा २०१९ चा कायदा हा पुढचा इतिहास परिचित आहे. त्यात स्त्रीची फिर्याद आणि पक्षांचे हिशेब असे मिसळले आहेत की, दलवाईंची साक्ष दोन्ही बाजूंनी काढली जाते.

दलवाई ३ मे १९७७ रोजी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या निबंधांत जे वैयक्तिक तपशील गाळले गेले, ते मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’ या १९९५ च्या आत्मकथनात येतात : संसार, आजारपण, समाजाचा रोष आणि त्यानंतरची चळवळ. विद्यार्थ्यांनी ‘इंधन’नंतर हे पुस्तक वाचावे आणि मगच निबंधांकडे वळावे. हा क्रम कालानुक्रमाशी जुळत नाही. पण निबंधांतील ‘समाज’ या शब्दामागे कोण माणसे उभी आहेत, ते त्यामुळे आधी कळते.